नळांचे नकाशे आणि संगणकांच्या भाषा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो वेतन, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी सभेची समजूत असते. आज आम्ही नळांवर बोलणार आहोत. वेतनाचा प्रश्न त्या ओघात येईलच.

मोठ्या इमारतीच्या पोटात डोकावून पाहणारे थोडे. रुग्णालयाच्या खोट्या छताच्या वर, हात-दोन हात उंचीच्या जागेत, हवेचे डक्ट, थंड पाण्याचे नळ, आग विझविण्याचे नळ, सांडपाण्याचे पाइप आणि केबलींचे ट्रे एकमेकांना चुकवीत जात असतात. पूर्वी प्रत्येक शाखेचा ड्राफ्ट्समन आपापला नकाशा ट्रेसिंग कागदावर काढी. ते कागद एकावर एक ठेवून टक्कर पाहिली जाई आणि जी नजरेतून सुटे ती साइटवरचा फिटर आपल्या अकलेने सोडवी. आता हे सारे संगणकात लांबी, रुंदी व उंचीसह उभे करतात. त्यास मॉडेल म्हणतात. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत बसून परदेशातील इमारतींची अशी मॉडेले करणारी मराठी मुले-मुली आज पुष्कळ आहेत. ड्राफ्ट्समनचा हा नवा अवतार कामगारच होय, असे आम्ही मानतो. त्यांच्या गळ्यात टाय असला तरी.

अडचण अशी की वास्तुशिल्पी एका प्रोग्रॅममध्ये काम करतो, डक्टचा हिशेब करणारा दुसऱ्यात आणि पत्रा कापणारा कारखाना तिसऱ्यात. प्रत्येकाची फाइल निराळी. यावर उपाय म्हणून अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन आयएफसी नावाची सामाईक भाषा ठरविली. तिची पहिली आवृत्ती १९९७ ची. २०१३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. तिची फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली असते, कोणासही उघडून वाचता येते. यात मोठीच लोकशाही आहे आणि ती ज्यांनी आणली त्यांचे उपकार आम्ही मानतो.

मग घोडे अडते कोठे? मूळ प्रोग्रॅममधला पाइप हा नुसता गोल दांडा नसतो. आपला व्यास किती, धातू कोणता, आतून पाणी किती वाहते, आपण कोणत्या एल्बोस जोडलेले आहोत, हे त्यास ठाऊक असते. एक टोक ओढले की एल्बो मागोमाग येतो. आयएफसीत या सर्वांसाठी शब्द आहेत. पाइपच्या तोंडासाठी आणि दोन तोंडांच्या जोडासाठीसुद्धा आहेत. परंतु पाठविणारा प्रोग्रॅम पुष्कळदा ते लिहीत नाही, किंवा घेणारा ते वाचत नाही. ज्या वस्तूची जात कळली नाही ती 'इमारतीतली कुठलीशी वस्तू' म्हणून नोंदली जाते. कामगाराची बदली व्हावी, माणूस नव्या ठिकाणी हजर व्हावा आणि सर्व्हिसबुक मागेच राहावे, तशातली ही गत. माणूस दिसतो, त्याची नोकरी किती वर्षांची, हे कोणास सांगता येत नाही.

तज्ज्ञ म्हणतात, आयएफसीचे मॉडेल पाहण्यासाठी आणि टक्कर तपासण्यासाठी असते. बदल ज्याने त्याने आपल्या मूळ फाइलीत करावा. हे म्हणणे बरोबर आहे. पण कंत्राट एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा मूळ फाइल येत नाही, आणि आली तरी उघडत नाही. मग तोच मजला पहिल्यापासून काढावा लागतो. रात्री बसून तो काढणारा पगारी मुलगा असतो आणि त्या तासांना कोणत्याही वहीत जागा नसते.

असे घाईने पुन्हा काढताना काय राहून जाते, त्याचा एकच मासला देतो. सांडपाण्याच्या पाइपास शंभरास एक ढाळ लागतो. म्हणजे वीस मीटरांत पाइप वीस सेंटिमीटर खाली उतरतो. नव्या मॉडेलात तो पाइप सपाट काढला गेला, तर पडद्यावर तो बीमखालून डक्टच्या वरून सुखरूप जातो. साइटवर फिटर ढाळ धरून निघतो आणि पंधराव्या मीटरला डक्टवर येऊन आदळतो. बसविलेला डक्ट उतरवायचा, हँगर पुन्हा ठोकायचे, मोबदला मात्र मीटरवर ठरलेला. चूक कोणाची, हे शोधावयास कोणी संगणकापर्यंत जात नाही. फिटरला बोल लावणे सोपे पडते.

एअरबसच्या ए-३८० विमानात तर एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्यांनी घोटाळा केला. हँबुर्गला जुनी आवृत्ती, तुलूजला नवी. एका विमानात पाचशेहून अधिक किलोमीटर तारा. त्यांचे जुडगे बसविताना तोकडे पडू लागले. २००६ साली कंपनीस हे जाहीर करावे लागले आणि विमाने देण्याचे काम फार लांबले.

अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेने २००४ साली हिशेब प्रसिद्ध केला. बांधकामातील या भाषाभेदापायी २००२ या एका वर्षात १५.८ अब्ज डॉलर वाया गेले आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश भार इमारतींच्या मालकांवर व त्या चालविणाऱ्यांवर पडला. त्या हिशेबात वास्तुशिल्पी व अभियंते, ठेकेदार, पुरवठादार व कारखानदार आणि मालक असे चार रकाने आहेत. पाचवा रकाना आम्ही शोधला, तो नाही.

फिनलंडच्या सरकारी मालमत्ता खात्याने २००७ पासून आपल्या कामांत आयएफसीची मॉडेले मागितली. आमच्या नगरपालिकांनाही निविदेत हे लिहिता येईल. रुग्णालय लोकांच्या पैशाने उभे राहते, त्याच्या नळांचा नकाशा एका कंपनीच्या कुलपात का असावा? मात्र 'आयएफसी द्यावी' एवढेच लिहून भागत नाही. जोड, ढाळ, आवरणाची जाडी आणि कोणता पाइप कोणत्या व्यवस्थेतला, हे पोहोचले पाहिजे, असे नावानिशी लिहावे. काम सुरू होण्यापूर्वी एक मजला इकडून तिकडे पाठवून पाहावा.

मालकांशी चाललेल्या बोलण्यांत आम्ही आणखी एक कलम ठेवले आहे: पुन्हा काढावे लागलेल्या कामाचे तास मोजून त्यांचे वेतन द्यावे. ते म्हणतात, हे तास मोजावयाचे कसे? आमचे उत्तर असे, की प्रोग्रॅम स्वतःच रोजनामा लिहीत असतो. फाइल किती वाजता उघडली आणि किती वाजता बंद झाली, हे त्यात लिहिलेले आहे. तो रोजनामा पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा, एवढेच आम्ही मागितले आहे.