औषध देणारे हात



आपल्या ज्ञातीतील काही वडीलधारी मंडळी आज वृद्धाश्रमात राहतात. माझी थोरली भगिनी त्यांपैकीच एक. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी तिने आठवड्यातून एकदाच घ्यावयाची होती. नव्या सेविकेने ती रोज दिली. सहाव्या दिवशी तिचे तोंड फोडांनी भरले व तिला रुग्णालयात न्यावे लागले. ईश्वरकृपेने ती वाचली.

मी सेविकेवर संतापलो. तिने निमूटपणे माझ्याच हस्ताक्षरातील यादी पुढे केली. तीत गोळीचे नाव व 'सकाळी एक' एवढेच होते. 'फक्त सोमवारी' हे दोन शब्द नव्हते. जन्मभर मुलांच्या वह्या तपासणाऱ्या मास्तराची ती चूक होती!

योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि देण्याचा योग्य मार्ग, या पाच गोष्टी पडताळून पाहण्यास परिचारिकांना शिकविले जाते. सेविकांना हे शिक्षण क्वचितच मिळते. यास्तव डॉक्टरांची चिठ्ठीच आश्रमाच्या स्वाधीन करावी, वार ठळक लिहावा, गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात आणि औषध देताच वहीत नोंद व्हावी. सावकाश विरघळणारी गोळी कुटून देऊ नये. दिवसभराची मात्रा एकदम अंगात भिनते.

शंका आल्यास सेविकेने हात आवरून विचारावे, आणि विचारणारीवर आपण रागावू नये. वर्गात प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला सदैव प्रिय वाटे. ही सेविकाही तशीच वाटावी, एवढीच आपणांस विनंती.