शटर, फाटक आणि खारा वारा
(गणेशोत्सवात अड्यार येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींना हसू आले असेल. गणपतीपुढे गाडीच्या शटरवर भाषण! पण विचार करा, आपल्या घरात सगळ्यात जड हलणारी वस्तू कोणती? गांधीनगर, कस्तुरबानगरच्या जुन्या बंगल्यांत ते गाडीच्या खोलीचे शटर असते, आणि बेझंटनगर, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये खालच्या पार्किंगचे सरकते फाटक. फ्रिजला आपण सर्व्हिसिंग करतो, एसीला करतो. या लोखंडाकडे मात्र ते अडेपर्यंत कोणी पाहत नाही.

रेल्वेत डबा बंद पडला म्हणून कारखान्यात जात नाही, मुदत झाली म्हणून जातो. चालता डबासुद्धा उघडून तपासतात. आमच्या खात्याची एवढी एकच सवय मला आज तुम्हाला द्यायची आहे.

आधी इथल्या हवेबद्दल. पुण्यात किंवा नागपुरात जे शटर वीस वर्षे टिकेल, ते समुद्रापासून एक-दोन किलोमीटरवर तितके टिकत नाही. लाटांचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर येतात, पाणी उडून जाते आणि मीठ लोखंडावर बसते. मीठ हवेतला ओलावा ओढते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते स्वतःच विरघळून खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो. चेन्नईच्या पहाटेला एवढी आर्द्रता म्हणजे रोजचीच गोष्ट. म्हणजे पाऊस नसतानाही आपले फाटक रोज ओले होते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. शटरच्या पट्ट्या खाचेत अडकतात त्या यामुळेच. पट्टी फुगलेली असते आणि आपण तेलाला दोष देतो.

उपाय फार साधा आहे. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसणे. गोड्या पाण्याने म्हणतो आहे, कारण किनाऱ्याजवळ बऱ्याच बोअरचे पाणी खारट असते. त्या पाण्याने रोज फाटक धुणारे लोक मी पाहिले आहेत. कष्ट करून मीठ लावतात बिचारे! रंगाचा टवका उडालेला दिसला तर तेवढीच जागा घासून गंज काढावा, प्रायमर लावावा आणि मग रंग द्यावा. गंजावर नुसता रंग चढवला तर आत काम चालूच राहते, फक्त दिसत नाही. इथे दुकानात गंजाला ‘तुरु’ म्हणतात. एवढा शब्द सांगितला की दुकानदार हवा तो डबा काढून देतो.

दुसरी गोष्ट वंगणाची. शटरच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचांत ग्रीस किंवा जळके ऑइल कधीही घालू नका. बीचवरची वाळू त्यात बसते आणि पॉलिश पेपर तयार होतो. खाच ब्रशने साफ करून साधी मेणबत्ती घासली तरी पुरते. ग्रीसची जागा बेअरिंगमध्ये आणि बिजागरीत.

आता स्प्रिंग. हाताने वर ढकलायच्या शटरच्या वरच्या दांड्यावर स्प्रिंगा असतात. आठ फूट बाय आठ फुटाचे पत्र्याचे शटर साठ-सत्तर किलो सहज भरते, पण घरातल्या आजी ते एका हाताने उचलतात. ही ताकद त्या पिळलेल्या स्प्रिंगांची असते. त्यांची परीक्षा सोपी आहे. शटर अर्ध्यावर आणून, खाली कोणी नाही हे पाहून, हात हलका सोडा. जागेवर थांबले किंवा अगदी सावकाश सरकले तर ठीक. धाडकन खाली आले तर स्प्रिंग दमली किंवा तुटली आहे. त्या दिवसापासून शटर वापरणे बंद करून मिस्त्रीला बोलवा. स्प्रिंगला स्वतः पाना लावू नका, शेजारच्या हौशी काकांनाही लावू देऊ नका. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हाताचे हाड मोडते. एरवी मी घरचे काम घरी करा म्हणणारा माणूस आहे, पण इथे नाही.

सरकत्या फाटकाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण शटरपेक्षा मला त्याचीच अधिक भीती वाटते. बारा फूट लांबीचे भरीव लोखंडी फाटक दोन-अडीचशे किलोचे असू शकते, आणि ते उभे असते फक्त खालच्या दोन चाकांवर. त्याला पडू देत नाहीत ते वरचे रोलर आणि दोन्ही टोकांचे अडसर. रूळ संपतो तिथे आमच्याकडे बफर असतो. तसाच हा अडसर, ज्याला मिस्त्री स्टॉपर म्हणतात. तो गंजून निखळला, किंवा रोलरचे बोल्ट ढिले झाले, तर फाटक टोकाच्या पुढे जाते आणि आडवे कोसळते. अशा फाटकाखाली सापडून आपल्या देशात मुले दगावली आहेत. त्या वेळी फाटक ढकलणारा कोण असतो? वॉचमन, नाहीतर त्याचा मुलगा, नाहीतर फाटकावर लोंबकळून झोका घेणारी आपलीच नातवंडे.

म्हणून महिन्याला एकदा हातोडी घेऊन खाली जा. स्टॉपरवर आणि रोलरच्या कोनावर हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर जोड घट्ट आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर वेल्डरला बोलवा. खालच्या रुळातली वाळू, पाने, खडे झाडून घ्या. फाटक एका माणसाला सहज ढकलता आले पाहिजे. वॉचमन ‘सार, गेट जड झालेय’ म्हणतो तेव्हा आपल्याला ते कामचुकारपणाचे वाटते. पण चाकाचे बेअरिंग गेल्याची पहिली बातमी त्याच्याच खांद्याला कळते.

मोटर असलेल्यांसाठी दोन शब्द. अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती गॅरेज-दाराच्या मोटरला अडथळा लागताच उलटे फिरण्याची सोय कायद्याने सक्तीची आहे. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी ती पाहिली असेल. तपासायची रीतही घरगुती आहे : दाराखाली दीड इंच जाडीचा लाकडी तुकडा आडवा ठेवायचा, दार त्याला टेकून परत वर गेले पाहिजे. आपल्याकडच्या मोटरला अशी सोय आहे का, हे बसवणाऱ्याला आधी विचारा. दुसरे, वीज गेल्यावर हाताने फाटक सोडवायची किल्ली कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीचे पाणी कोट्टूरपुरम्, सैदापेटच्या घरांत शिरले होते, हे आपण विसरलेलो नाही. सरकत्या फाटकाची मोटर जमिनीलगत असते. पाणी चढू लागले की तिचा वीजपुरवठा आधी बंद करायचा, मग फाटकाला हात लावायचा.

राहिली मुदत. कोकणात पावसाआधी कौले शाकारायची पद्धत होती. तिकडे गणपती भर पावसात येतात. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे गणपतीनंतर. तेव्हा पावसाआधीची मोठी तपासणी खंडेनवमीला करावी. इथेही त्या दिवशी आयुधपूजा असते, गाड्या धुऊन त्यांना गंधफूल वाहतात, त्यातच फाटकही येऊ द्या. पाऊस संपल्यावरची दुसरी तपासणी आणि रंगकाम भोगीला. तो सण आपलाही आहे आणि त्यांचाही.

भाषण एवढेच. ज्यांना हातोडीचा आवाज ऐकायचा असेल त्यांनी प्रसाद घेऊन माझ्याबरोबर खाली फाटकापाशी यावे. हातोडी मी आणली आहे.