हरपलेली श्रद्धा आणि सापडलेला धम्म
(वरणगाव येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



त्रिशरण व पंचशील ग्रहण करून तुमच्यापैकी कित्येक कुटुंबे प्रथमच ह्या सभेला आली आहेत. तुमचे अभिनंदन करण्यासाठी मी उभा आहे. परंतु केवळ अभिनंदन करून खाली बसलो तर माझे कर्तव्य पुरे होणार नाही. दीक्षेचा दिवस उत्साहाचा असतो. खरी परीक्षा त्यानंतरच्या साध्या दिवसांत होते, आणि त्या दिवसांविषयीच मला बोलावयाचे आहे.

दीक्षा घेतलेल्या घरावर दोन संकटे येतात. पहिले संकट भीतीचे. आपल्या खानदेशात श्रावण आला की घरोघरी कानबाईची तयारी सुरू होते. तुमच्या घरी आता रोट होणार नाहीत. नेमका त्याच सुमारास एखाद्या लेकराला ताप भरतो, आणि घरातील म्हातारी माउली हलक्या आवाजात म्हणते, "बाईचं मांडणं बंद केलं, म्हणून हे झालं." दुसरे संकट रितेपणाचे. भुसावळच्या रेल्वेत किंवा येथील ऑर्डनन्स फॅक्टरीत पाळीवर जाणारा तरुण मुलगा विचारतो, "देव सोडले ते बरेच झाले. मग आता वंदना तरी कशाला? जुनी पोथी गेली आणि नवी आली, एवढाच फरक ना?"

त्या म्हातारीला हसू नका आणि त्या मुलावर रागावू नका. दोघांचेही प्रश्न प्रामाणिक आहेत. जुन्या श्रद्धेची जागा रिकामी झाली आहे आणि नवी अद्याप भरली नाही, हेच दोघे आपापल्या भाषेत सांगत आहेत.

बाबासाहेबांनाही ह्याच वाटेने जावे लागले, हे तुम्ही लक्षात घ्या. त्यांचे घर कबीरपंथी होते. वडिलांच्या धाकात भजने आणि पोथ्या ऐकत ते वाढले. 1907 साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. बीज तेथे पडले. पण बाबासाहेबांनी जुने घर लगेच सोडले नाही. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षे झगडूनही ते दार उघडले नाही. तेव्हा 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मध्ये 21 वर्षे गेली! ज्या पुरुषाने एका धर्मावरचा विश्वास गमावला, त्याने दुसरा स्वीकारण्यापूर्वी इतकी वर्षे अभ्यास केला, पारख केली. मग तुमच्या मुलाने चार प्रश्न विचारले, तर त्यात वावगे काय?

कोणी म्हणेल, धर्म सोडून ते नुसते राहू शकले असते. परंतु पोटाला भाकरी आणि हाताला हक्क मिळाले तरी मनाचे पालटणे शिल्लक राहते, हे त्यांनी ओळखले होते. दीक्षेनंतर महिनाभराने, नोव्हेंबर 1956 मध्ये, काठमांडूच्या बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स ह्यांची तुलना केली. दुःख व शोषण नाहीसे करावे हे दोघांनाही मान्य. पण बळजबरीने आणलेली समता बळ ओसरताच ढळते, आणि मन पालटून आलेली टिकते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. आचरून पाहा, हिताचे ठरले तर स्वीकारा. पूर्वी स्टेशनात गाडी थांबली की एक कामगार चाकांवर हातोडी मारीत जाई. खणखणीत आवाज आला तर चाक धड. बद्द आवाज आला तर तडा. डब्यावरचा रंग पाहून तो चाकाला पास करीत नसे. धम्मातील श्रद्धा अशी असते. पंचशील दररोज ठोकून पाहा. दारू सुटली की घरातील पगाराचे काय होते, खोटे सुटले की नवरा-बायकोत काय होते, ते स्वतः पाहा. वंदना ही त्या शीलाची रोजची आठवण आहे. आठवणच नसेल तर शील कोठून टिकणार?

आणि त्या माउलीला काय सांगाल? आधी लेकराला डॉक्टरकडे न्या, वाद नंतर. मग तिला एक गोष्ट सांगा. एक भिक्षू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, त्याला आपल्या हातांनी धुतले आणि बिछान्यावर निजविले. माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, असा बोध त्यांनी दिला. म्हणून ज्या घरात आजार आहे, तेथे विहारातील चार माणसांनी रात्री जागावे. कोप करणाऱ्या देवीची भीती व्याख्यानाने जात नाही. उशाशी बसलेल्या शेजाऱ्याने जाते. जे शेजारी कानबाई मांडतात, त्यांची टवाळीही करू नका. सद्सद्विवेकाचे जे स्वातंत्र्य संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाने तुम्हांला दिले, तेच त्यांनाही दिले आहे.

सवलती जातील ह्या धास्तीने धर्म लपवू नका. अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या कायद्याने 1990 साली ते स्थान मिळाले आहे. महाराष्ट्रात 1951 च्या जनगणनेत बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. 1961 मध्ये ते सुमारे 27 लाख 90 हजार झाले. ती माणसे गरीब होती, पण धर्माच्या रकान्यात त्यांनी निर्भयपणे "बौद्ध" लिहिले.

अजिंठा आपल्यापासून दूर नाही. तेथील लेणी शतकानुशतके रानाने झाकली होती. 1819 साली शिकारीला आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यामुळे जगाला त्यांची ओळख झाली. भिक्षू गेले, दिवे विझले. तरी खडकात कोरलेले खडकातच राहिले. आपल्या पूर्वजांचा धम्मही तसाच झाकला गेला होता. बाबासाहेबांनी झाडी तोडून वाट मोकळी केली. आत जाऊन दिवा लावण्याचे काम मात्र तुमचे आहे, आणि ते आज रात्री आपल्याच घरात सुरू करावयाचे आहे.

जय भीम!