रायफलीचा जीर्णोद्धार

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने व्याख्यानाचा विषय आमच्या मर्जीवर सोपविला, आणि आम्ही रायफलीचे नाव घेताच मंडळातील कित्येकांस नवल वाटले. जन्मभर खडू हाती धरलेल्या मास्तराने बंदुकीची गोष्ट काढावी, हे नवलच खरे! तथापि रायफल चालवावी कशी, हे आम्ही सांगणार नाही. जुनी, झिजलेली, अंगावरचे भाग हरवलेली लष्करी रायफल तिच्या मूळ भागांनिशी पुन्हा उभी कशी केली जाते, आणि ती उभी करताना खरेपणा कसा राखावा, एवढाच आजचा विषय आहे. इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत पुष्कळ लोक हा छंद निष्ठेने करतात. त्यांच्या संग्रहातील कित्येक रायफली आपल्याच देशात घडलेल्या आहेत, म्हणून हा विषय आपणांस परका नाही.

'थ्री-नॉट-थ्री' हे नाव ठाऊक नाही असा मनुष्य या सभागृहात नसावा. नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणून हे नाव. तिचे कागदोपत्री नाव ली-एन्फील्ड. जेम्स पॅरिस ली याने बोल्टाची आणि मॅगझिनची रचना केली आणि एन्फील्ड येथील सरकारी कारखान्यात ती आकारास आली. तिचा 'मार्क तीन' हा नमुना १९०७ साली मंजूर झाला. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे आणि टोकाला सतरा इंची पात्याची संगीन असे तिचे रूप. १९१४ साली मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी फौजेच्या जुन्या रायफली परत घेऊन तिला याच नमुन्याच्या रायफली देण्यात आल्या. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीकाठी ईशापूर येथे आपल्या देशातील कारखाना होता. तेथे हा नमुना दोन्ही महायुद्धांत बनला आणि स्वातंत्र्यानंतरही बनत राहिला. पोलिसांच्या खांद्यावर तर ती त्यानंतरही दीर्घकाळ राहिली. उत्तर प्रदेशच्या पोलीस दलाने तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात निरोप दिला.

आता मुख्य गोष्ट. ही रायफल वाचता येते. दस्ता जेथे लोखंडात बसतो तेथे उजव्या अंगास मुकुट, त्याखाली 'जी.आर.आय.' ही अक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुना कोरलेला असतो. 'जी.आर.आय.' म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. विलायती कारखान्यांच्या रायफलींवर 'जी.आर.' एवढेच असते, 'आय' हे अक्षर हिंदुस्थानचे. प्रजासत्ताकाच्या काळातील रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. नळी, बोल्ट, मागची नेमपट्टी, टोकाची लोखंडी टोपी आणि पुढचे लाकूड या साऱ्यांवर एकच अनुक्रमांक असावा लागतो. प्रारंभीच्या रायफलींच्या दस्त्यात एक पितळी चकती बसविलेली असे व तिच्यावर पलटणीची खूण असे. युद्धाच्या घाईत ती पुढे वगळण्यात आली. ईशापूरने मोठी दुरुस्ती केली असेल तर 'एफ.आर.' ही अक्षरे व साल सापडते. ज्यास या खुणा लागतात त्यास रायफलीची जन्मपत्रिका आणि सेवापुस्तक दोन्ही हाती आले म्हणावयाचे.

येथेच जाणकारांत मोठा मतभेद आहे. समजा, १९११ सालची एक रायफल आहे. दूरच्या माऱ्यासाठी डाव्या अंगास बसविलेले जादा नेमसाधन आणि मॅगझिन बंद ठेवून एकेक काडतूस भरण्याची पट्टी, हे दोन्ही भाग तिच्यावर मुळात होते. १९१६ साली मंजूर झालेल्या सुधारित नमुन्यात हे भाग वगळले गेले, आणि पुढे लष्करी दुरुस्तीत आपल्या रायफलीवरूनही ते उतरले. आज तिचा मालक त्याच काळचे, त्याच कारखान्याचे अस्सल भाग मोठी किंमत देऊन मिळवितो आणि तिच्यावर चढवितो. रायफल 'मूळची' झाली का? पुष्कळ संग्राहक होय म्हणतात. आमचे मत निराळे आहे. भाग अस्सल असेल, परंतु तो या रायफलीवर कधी लढला नाही. तो चढविल्याने रायफल जे सांगते ते खोटे होते. लष्कराने तिच्यावर जे केले तो तिचा इतिहास आहे, तो तसाच ठेवावा.

याउलट जे नंतर कोणी खाजगी मनुष्याने तोडले असेल ते भरून काढण्यास आमची हरकत नाही. १९४५ नंतर या रायफली परदेशांत अल्प किमतीस विकल्या गेल्या. हरणाच्या शिकारीस हलक्या पडाव्यात म्हणून लोकांनी त्यांची पुढची लाकडे करवतीने कापली आणि टोकाच्या टोप्या फेकून दिल्या. लोखंड मात्र बहुधा शाबूत राहिले. अशा रायफलीस त्याच कारखान्याचे, त्याच काळचे लाकूड शोधून बसविणे हा या छंदातील सर्वांत समाधानाचा भाग होय. फक्त लाकडावरील निराळा क्रमांक खरवडून तेथे रायफलीचा क्रमांक ठोकू नये. असे करणारे बाजारात आहेत. मेळ असलेल्या क्रमांकांस अधिक दाम मिळतो म्हणून ते हे करतात, आणि आमच्या मते ही सरळसरळ लबाडी आहे. जमीन विकताना सातबारा खोडून लिहावा, त्यातलाच हा प्रकार.

बोल्टाच्या बाबतीत तर प्रश्न निव्वळ सचोटीचा नाही, जिवाचा आहे. काडतूस फुटताना त्याचा सारा दाब बोल्टाच्या दोन खांद्यांवर येतो. दोन्ही खांदे सारखे टेकावेत म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या रायफलीस जुळवून घेतला जाई. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत सरकतो आणि बंदही होतो, पण म्हणून तो जुळला असे नव्हे. हीच सावधगिरी 'डी.पी.' रायफलींविषयी घ्यावयाची. आम्ही विद्यार्थी असताना एन.सी.सी.च्या कवायतीत ज्या रायफली खांद्यावर घेत असू त्यांच्यावर ही दोन अक्षरे होती. त्यांचा अर्थ एवढाच, की ही फक्त कवायतीची, हिच्यातून गोळी झाडू नये. अशी रायफल नवे भाग घालून पुन्हा चालू करण्याचा मोह काहींस होतो. तो आवरावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. या रायफलीचा दस्ता आधी काढू नये. तो ज्या लांब पेचाने धरलेला असतो त्या पेचाचे पुढचे टोक चौकोनी असून ते पुढच्या लाकडात बसविलेल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना तो पेच फिरविला तर शंभर वर्षे टिकलेले लाकूड क्षणात चिरते. म्हणून आधी पुढचे लाकूड उतरवावे. मग दस्त्याच्या तळाशी असलेले पितळी झाकण उघडावे. या पोकळीत शिपायाची तेलाची कुपी आणि नळी पुसण्याची दोरी राहत असे. तेथून लांब पेचकस आत घालून पेच सैल करावा. ईशापूरच्या कारागिरांनी या लाकडाची दुखणी चांगली ओळखली होती. मागे बसणाऱ्या हिसक्याने ते फाटू नये म्हणून त्यांनी त्यातून एक आडवा पेच घातला. परदेशी संग्राहक त्यास आजही 'ईशापूर पेच' म्हणूनच ओळखतात. आपल्या कारागिरांचे नाव असे एका पेचात राहिले आहे. त्यांची व्यक्तिशः नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत.

नळीतील गंजाचे मूळ पुष्कळदा काडतुसाच्या टोपीत असते. जुन्या टोपीतील दारूत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटल्यावर त्याचा एक क्षार नळीत मागे राही. तो मिठाचाच भाऊबंद! हवेतील ओल ओढून घेई आणि पोलाद खाई. तेलाने पुसून उपयोग नाही, कारण हा क्षार तेलात विरघळत नाही. म्हणून शिपाई आधी नळीतून उकळते पाणी ओतीत आणि ती कोरडी करून मगच तेल लावीत. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची .३०३ काडतुसे अशी दूरदेशी पोहोचली आहेत. 'के.एफ.' अक्षरे दिसली की तेथील अनुभवी मनुष्य पाण्याचे भांडे चुलीवर ठेवतो!

लाकडास पॉलिश कागद मुळीच लावू नये. त्या कागदाखाली तपासनिसांचे शिक्के आणि पलटणीची अक्षरे जातात, ती पुन्हा येत नाहीत. लाकूड दबले असेल तर ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. मग जवसाचे कच्चे तेल तळहाताने, थोडे थोडे, दिवसांच्या अंतराने चोळावे. ईशापूरच्या पुष्कळ रायफलींवर काळा रंग असतो. तो कुरूप म्हणून काढून टाकून पोलाद चकचकीत करणारे आहेत, परंतु तो रंग लष्कराने दिलेला, दमट हवेपासून रक्षणासाठी दिलेला. गावोगाव जीर्णोद्धार म्हणून काळ्या पाषाणाच्या देवळांस ऑइलपेंट फासलेला आपण पाहतो आणि हळहळतो. येथे रंग फासणे आणि रंग काढणे, दोन्ही चूकच ठरते.

आपल्याकडे हा छंद घरी करावयाचा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. .३०३ ची रायफल सामान्य नागरिकास निषिद्ध आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर परवान्यावरही दोनांहून अधिक अग्निशस्त्रे, वारसाने आलेली धरून, ठेवता येत नाहीत. आपल्या सभासदांपैकी कोणाच्या वाड्यात आजोबा-पणजोबांची तोड्याची बंदूक माळ्यावर किंवा खुंटीवर असेल. तिच्याविषयी आधी जिल्हाधिकारी कचेरीत कायदेशीर स्थिती विचारून घ्यावी. ती भरलेली नाही याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. शंभर वर्षांपूर्वी ठासलेली दारूही पेटू शकते. त्यानंतर तिच्यावरील प्रत्येक अक्षर, प्रत्येक चिन्ह, पितळेच्या पट्ट्यांची मोजमापे वहीत उतरून घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, आणि ती घरात कोणाकडून कशी आली हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून त्यांच्याच शब्दांत त्याच वहीत लिहावे. हे सारे झाल्याशिवाय तिला चिंच, राख किंवा व्हार्निश यांपैकी काहीही लावू नये.