सात गड्यांचा खेळ

कांदिवलीच्या सरदार वल्लभभाई पटेल तलावांत पोहणाऱ्या शाळकरी मुलास वाटत असेल कीं, वेग वाढला म्हणजे कॉलेजच्या वॉटरपोलो संघांत जागा ठरलेलीच. परंतु हा खेळ एकट्याच्या वेगाचा नव्हे. पाण्यांत सात गडी. तळाला पाय टेकण्यास मनाई. आणि गोलरक्षकावांचून इतरांनीं चेंडू एकाच हातानें झेलावयाचा! १९५१ सालीं दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धांत भारतानें या खेळाचें सुवर्णपदक जिंकलें, तें एका वीराचें नव्हे, संघाचें होतें. आंतरविद्यापीठ स्पर्धेंत वॉटरपोलो आजही आहे. पण कॉलेजांत सहा सोबती नसतील तर उत्तम पोहणाराही काठावरच राहतो. म्हणून त्यानें प्रवेशापूर्वीं सोबत्यांची चौकशी करावी. ते नसल्यास एकेकास चेंडू झेलावयास शिकवून स्वतःच मिळवावे.