कार्ल्याचे लेणे आणि वर्धकी सामी
(बिबवेवाडी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



आपल्या सुतार समाजाचा पूर्वेतिहास सांगावयाचा म्हटले की आपण विश्वकर्म्यापासून आरंभ करतो आणि एकदम राजदरबारी येऊन पोहोचतो. मधल्या काळाचा हाती लागेल असा पुरावा कोणता, असे गेल्या संमेलनात एका तरुण सभासदाने विचारले, तेव्हा आम्ही निरुत्तर झालो होतो. ते उत्तर मावळात, कार्ल्याच्या डोंगरावर आहे.

एकवीरा आईच्या दर्शनास आपली बहुतेक कुटुंबे जातात. देवळाला लागूनच असलेल्या बौद्ध चैत्यगृहात मात्र थोडेच डोकावतात. सुमारे एकोणीस शतकांपूर्वीच्या या लेण्यास राजाश्रय होता, हे खरे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याचा लेख तेथे आहे. क्षहरातांचा पाडाव गौतमीपुत्र सातकर्णीने केला. परंतु गावाचे दान सातवाहनांनीही भिक्षूंकडेच चालू ठेवले. राज्ये बदलली, दान बदलले नाही! तथापि राजांनी दिली ती गावे. लेणे पूर्ण करविले ते वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, आणि खांब दिले ते अनेकांनी. त्यांत धेनुकाकट गावचे यवनदेखील होते.

याच धेनुकाकटच्या एका माणसाचे नाव लेण्याच्या दाराशी कोरलेले आहे. वेणुवासाचा पुत्र सामी, वर्धकी. त्याने हे दार केले. वर्धकी म्हणजे सुतार. हिंदीतील बढई आणि आपल्या विदर्भातील वाढई हे शब्द त्याच कुळातले.

पाषाणाच्या लेण्यात सुताराचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्याने आत जाऊन मान वर करावी. दोहों बाजूंस पंधरा-पंधरा खांब, आणि वर कमानीला सागवानी फासळ्या! मूळच्या कित्येक आजही जागेवर आहेत. भार पेलण्यासाठी त्यांची गरज नाही. छत अखंड कातळाचे आहे. परंतु अशी गृहे आधी लाकडाची बांधीत, तीच घडण दगडात उतरली. स्तूपावरील छत्रही लाकडाचेच. कातळात कोरलेले कठडे आणि कमानी पाहताना हा सारा सुतारकामाचा धडा दगडाने गिरविला आहे, असे आम्हांस वाटले.

सामी हा आपला पूर्वज, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या काळी आजची ज्ञाती होती असे मानावयास आधार नाही, आणि स्मरणिकेच्या कुलवृत्तांतात तसे कोणी छापू नये, अशी आमची विनंती आहे. नाते आहे ते पटाशीचे आणि रंध्याचे. आपल्यापैकी किती घरांत ती हत्यारे आता उरली आहेत, हे विचारण्याचा मोह आम्ही आवरतो.

पुढील सहल कार्ल्यास न्यावी, असे कार्यकारी मंडळास सुचवितो. आधी देवीचे दर्शन घ्यावे, मग मुलांना दाराशी उभे करून ती अक्षरे दाखवावीत. बापाचे नाव सामीने शेजारीच घातले आहे.