कंबर जास्त दुखते की पाय?



गादी सरकलेला पेशंट एमआरआयची मोठी पिशवी टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "डॉक्टर, ऑपरेशन केलं तर शंभर टक्के बरा होईन ना?" शेजाऱ्याच्या मेव्हण्याचं ऑपरेशन फसलं होतं, हेही तो न चुकता सांगतो. मी पिशवी लगेच उघडत नाही. आधी विचारतो, कंबर जास्त दुखते की पाय?

उत्तराचा बराचसा भाग इथेच असतो. गादीचा बाहेर आलेला तुकडा नस दाबतो, म्हणून कळ कुल्ल्यातून पोटरीत आणि पावलात उतरते. आम्ही तो तुकडा काढतो, नस मोकळी होते. झिजलेली गादी काही नवी होत नाही. म्हणून पायाची कळ थांबेल असं मी बऱ्याच भरवशाने सांगतो, नुसत्या कंबरदुखीबद्दल जपून बोलतो. कळ सहा महिन्यांहून जुनी असेल, सिगारेट सुटत नसेल, मन खचलेलं असेल, तर आणखी जपून.

आणि पिशवीतली फिल्म? अमेरिकेत १९९४ साली, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक लोकांच्या एका तरी गादीला फुगवटा होता! फिल्मवरून तुकडा कुठल्या मणक्याशी आहे ते कळतं, आणि सर्जनला ते हवंच. माणूस बरा होईल का, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी ते तपासलं. पायाची तीव्र कळ सहा ते बारा आठवडे सोसलेले २८३ पेशंट घेतले. काहींचं ऑपरेशन लवकर, बाकीच्यांनी आधी थांबून बघायचं. २००७ साली निकाल छापून आला. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेर दोन्ही गटांत बरे झालेले सारखेच, ९५ टक्के. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावंच लागलं, हेही सांगायला हवं. पण उरलेल्यांचं सुरीवाचून भागलं. तेव्हा हातावर पोट असलेल्या हमालाचा निर्णय वेगळा, रजा शिल्लक असलेल्या कारकुनाचा वेगळा.

मात्र लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. रात्र असली तरी त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.